बाळंतिणीचा धान

धान निसवला की बांध्यांवरून एक वास येतो. कोमट दुधावर साय धरू लागावी तसा, ओलसर, किंचित गोड, आणि नाक मुद्दाम तिकडे लावलं तरच सापडणारा. बाहेरच्या माणसाला तो येतच नाही. मला तरी पहिल्या वर्षी कुठे आला होता! मी वर्ध्याकडची, ज्वारी-कापसाच्या काळ्या रानातली. चंद्रपूर-गडचिरोलीकडे भाताला धान म्हणतात आणि खाचराला बांधी, एवढं अंगवळणी पडायलाच मला पंधरा दिवस लागले होते.

परवा एका बैठकीसाठी गडचिरोलीला निघाले होते. वैनगंगेचा पूल यायच्या अलीकडे गाडीची काच खाली केली आणि तो वास आत आला. नऊ वर्षांनी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान नुकता निसवलेला, लोंब्या अजून हिरव्या, माना न टाकलेल्या. "यंदा पीक झकास आहे, मॅडम," सोबतचा तरुण अधिकारी म्हणाला. मी हो म्हटलं. झकासच होतं. मला मात्र अश्विन लागला, धान फुलला, की काहीतरी हरवल्यासारखं होतं. ते मीच हरवलं असल्यामुळे कुणावर रागावताही येत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी तिकडच्या एका सरकारी धान फार्मावर सहायक म्हणून लागले. आमच्या साहेबांना एका गोष्टीचं वेड होतं. त्या भागातल्या बायका-पोरींच्या अंगात रक्त कमी. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळत, बायका त्या पदराला बांधून आणत आणि मळमळतं म्हणून वाटेतल्या तलावात टाकून देत. साहेब म्हणत, "आपल्या तलावातल्या मासोळ्या तेवढ्या धडधाकट झाल्यात. अहो, गोळी पोचत नाही तिथं भात पोचतो. मग लोह भातातच का असू नये?" म्हणजे ज्या धानाच्या दाण्यात मुळातच लोह जास्त आहे असा एखादा जुना धान शोधायचा, आणि लोक रोज खातात त्या पांढऱ्या, बारीक, भरघोस पिकणाऱ्या धानाशी त्याचा संकर करून तो गुण त्यात उतरवायचा. ऐकायला सोपं होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळंच सोपं वाटायचं.

धानाचं फूल फार कुणी पाहिलेलं नसतं. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन जरा तापलं की दाण्याचं ते इवलंसं टरफल आपोआप उघडतं, आतून सहा पिवळे पुंकेसर बाहेर लोंबतात, आणि तासाभरात दार बंद. त्या तासात जे व्हायचं ते झालं. एरवी प्रत्येक फूल स्वतःचं स्वतःच उरकून घेतं, त्याला दुसऱ्याची गरज नसते. आपल्याला संकर हवा असेल तर आदल्या दुपारीच न उमललेल्या फुलाचं टोक कात्रीनं छाटायचं, चिमट्यानं सहाच्या सहा पुंकेसर काढायचे, वर बटर पेपरची पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या धानाचा पराग त्यावर झटकायचा. सहातला एक जरी आत राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात.

माझे दोन-तीन तरी राहायचेच. चिखलात पाय, डोक्यावर ऊन आणि हातात चिमटा. मी रडकुंडीला यायची. पिशव्यांना दोष दे, चिमट्याला दोष दे. नाचता येईना अंगण वाकडं.

शेवंताबाई मला तिथे भेटली. फार्मावर रोजानं येणाऱ्या बायकांची ती म्होरकी, चाळिशीची, काटक, ढिवराच्या घरची. नवरा गावच्या तलावात जाळं टाकायचा, ती घरी बसून त्या जाळ्याचे डोळे सांधायची. थोडी धानाची शेतीही होती. तिला वाचता येत नव्हतं, पण शंभर ओळींतून कोणती ओळ कुठल्या धानाची ते लांबूनच सांगायची.

"बाई, तुमचा हात ज्वारी कापाचा हाय," तिनं पहिल्याच दिवशी मला सुनावलं. "असा नाई धरत धानाले. मासोळीचा काटा काढता ना, तसा काढा."

"मी मासे खात नाही, शेवंताबाई."

"मंग कसं जमन जी तुमाले!" ती म्हणाली आणि सगळ्या बांधीत हशा पिकला.

महिनाभरात ती माझ्यापेक्षा चांगला संकर करू लागली. बायकांनी त्या कामाला लग्नच म्हणायचं ठरवलं होतं. सकाळी आल्या आल्या विचारायच्या, "आज कोनाचं लगन हाय जी?" बटर पेपरची पिशवी म्हणजे बाशिंग. आदल्या दिवशी पिशव्या चढवून झाल्या की शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "नवऱ्या तयार हायेत बाई, उद्या नवरदेवाले टाइमावर आना." आणि खरंच, नवरदेवाला वेळ पाळावीच लागायची. मला त्या हसण्यासकट ते सगळे दिवस आठवतात आणि आठवून बरं वाटत नाही.

तिची मुलगी वनिता तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. रोवण्याच्या दिवसांत आईबरोबर फार्मावर यायची. एकदा बायका एका रांगेत वाकून रोपं लावताहेत, पाऊस भुरभुरतोय, आणि रांगेतली एकच मूर्ती हळूच बाजूला कलंडावी तशी ती चिखलात पडली. आम्ही तिला धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर आणली. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं होतं, धुतलेल्या कापडासारखं. तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा परकर सावरला. मला म्हणाली, "काई नाई बाई, मले असंच होते."

"हे तर लगनाच्या आधीच असं," शेवंताबाई तिच्या तोंडावर पाणी मारत म्हणाली. "लेकरू होईन तेव्हा काय करन? इले लाल धानाचीच पेज द्या लागते."

कुठला लाल धान, मी विचारलं. तेव्हा ते कळलं. तिच्या माहेरून आलेला एक जुना धान होता. लोंबीला लाल कूस, म्हणजे कुसळं लाल, तांदूळही लाल. तलावाखालच्या बांधीत एका कोपऱ्यात तेवढा पेरायचा, गिरणीवर न्यायचा नाही, घरीच उखळात कांडायचा. रोज खायचा नाही. घरात कुणी बाळंत झाली की तिला त्याची पेज, सव्वा महिना. "मले चार झाले," शेवंताबाई म्हणाली. "चारी डाव तेच खाल्ली. आठव्या रोजी उठून बसलो."

दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यात बांधून तो धान आणला. फडकं माझ्या टेबलावर सोडलं. लालसर, बुटका, दिसायला अगदी गरीब दाणा.

"घरी होता त्याचे दोन वाटे केलो," ती म्हणाली. "अर्धा तुमाले, अर्धा तिले."

"तिले म्हणजे?"

"वनिताले. आज ना उद्या तिचं बाळंतपन येईनच ना."

मी पावती द्यायला निघाले होते. सरकारी सवय. ती हसली आणि फडकं झटकून खांद्यावर टाकून निघून गेली.

दाण्यातलं लोह डोळ्यांना दिसावं म्हणून एक साधी चाचणी असते. तांदूळ एका द्रावणात भिजवायचा. जिथे लोह असेल तिथे निळा रंग चढतो. आमच्या नेहमीच्या पांढऱ्या तांदळाच्या कडेला कशीबशी फिकट रेघ आली. शेवंताबाईचा दाणा गडद निळा झाला, कडेला आणि आतही. मी तो बशीतून तिच्यासमोर धरला. साहेब पोरासारखे टाळ्या वाजवत होते. शेवंताबाईनं बशी तिरकी करून पाहिली. "आमाले तर ठाऊकच होतं," ती म्हणाली, "तुमाले निळा केल्याबिगर समजत नाई."

पुढची तीन-चार वर्षं त्या धानाभोवती गेली. त्याचा पांढऱ्याशी संकर, मग त्या संकराच्या ओळी, त्यातली झाडं निवडून पुन्हा ओळी. कोवळ्या पानांचे तुकडे बर्फाच्या डब्यात घालून मी रेल्वेनं दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे त्यांच्या जनुकांच्या खुणा तपासत. कोणत्या झाडात लोहाचा गुण उतरला ते दाण्याची वाट न पाहता कळावं, असा तो प्रयत्न. तिकडून पट्ट्यापट्ट्यांचे फोटो येत. मी ते बायकांना दाखवायची. शेवंताबाई विचारायची, "यात आपला लाल कुठी हाय?" मी एका पट्टीवर बोट ठेवायची. ती मान डोलवायची. माझ्यावर तिचा विश्वास होता, आणि मी तो विश्वास एखाद्या प्रमाणपत्रासारखा मिरवत होते.

लाल दाणा बाजारात कुणी घेणार नाही, हे वरून स्पष्ट सांगण्यात आलं होतं. म्हणून आमचं सगळं चाललं होतं ते रंग काढून गुण ठेवण्यासाठी. पांढरा पण लोहाचा. ते जमत नव्हतं. ज्या ओळी पांढऱ्या होत्या त्यांत लोह नसे, आणि ज्यांत लोह असे त्यांची कूस लाल. साहेब म्हणायचे, "येईल, येईल. अजून एक पिढी." मूळ लाल धानाची एक ओळ आम्ही दर वर्षी नव्यानं लावत होतो. तिकडच्या उन्हाळ्यात डब्यातलं बी दोन वर्षांत मरतं आणि आमचं थंड कपाट केव्हाच बंद पडलं होतं. शेताच्या कडेची ती एक ओळ म्हणजे आमची तिजोरी.

एक दुपार मला पुन्हापुन्हा आठवते. आम्ही दोघी शेजारी वाकून फुलं छाटत होतो. माझ्या डोळ्याला भिंग, मी मनात एक, दोन, तीन मोजतेय, आणि शेवंताबाई आपल्या कामाशी बोलावं तशी बोलतेय. "यंदापासून आमी लाल धान पेरनं बंद केलो बाई. गिरनीवाला बोंबलते, पांढऱ्यात लाल दाना येते म्हने. घरचे बी म्हनते, कोपरा काऊन अडवता. तसंबी तुमच्याजवळ हायच ना. सरकारच्या घरी ठेवलेलं बुडत नाई."

मी म्हटलं, "हं... हं. तो चिमटा द्या."

चौथा, पाचवा, सहावा. सहाही पुंकेसर निघाले. मी खूश झाले.

त्यानंतरच्या अश्विनातली गोष्ट. मोठ्या कार्यालयातून पाहणीला लोक येणार होते. पाहुणे येणार म्हटलं की फार्मावर भेसळ काढायची धावपळ असते. ओळीत चुकून आलेलं परकं झाड उपटून टाकायचं. त्यातही करगा, म्हणजे आपोआप उगवणारा रानटी धान. कूस लाल, दाणे पिकताच गळतात, आणि एकदा शिरला की शेत खातो. त्याचा सगळ्यांना धाक. मीच नव्या बायकांना शिकवलं होतं, लाल दिसला की उपट. पाढ्यासारखं म्हणून घ्यायची त्यांच्याकडून.

ओळींना नंबर घातलेल्या बांबूच्या खुंट्या असतात. पाण्यानं रंग उडालेला होता. पाहुण्यांना नंबर ठसठशीत दिसावेत म्हणून आदल्या दिवशी मी त्या सगळ्या खुंट्या उपटून रंगवायला आणल्या, आणि व्हरांड्यात वाळत घातल्या. त्या दिवशी शेवंताबाई नव्हती. उन्हाळ्यात वनिताचं लग्न राजुऱ्याकडे झालं होतं, तिला तिसरा महिना लागला होता, आणि ते पोट पडलं होतं. आई तिच्याजवळ दवाखान्यात. मी चहाचे कप मोजत होते, खुर्च्यांना कापडं घालत होते. शेतात नव्या बायका होत्या. त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं. एका कडेनं चालत गेल्या आणि लाल कूस दिसेल ते सगळं उपटून धुऱ्यावर टाकलं. संकराच्या ओळींतली लाल झाडं, आणि कडेची ती अख्खी ओळही, मुळासकट.

दुपारी मी खुंट्या परत रोवायला गेले तेव्हा कडेला नुसता चिखल होता आणि त्यात पावलं. धुऱ्यावर ढीग. लोंब्या नुकत्या फुललेल्या, पुंकेसर अजून लोंबत होते. एकही दाणा भरलेला नव्हता. मी गुडघ्यावर बसून ती झाडं एकेक करून परत चिखलात खोचली. साडी, हात, तोंड, सगळं माखलं. बायका भोवती उभ्या. एक नवी पोरगी घाबरून म्हणाली, "बाई, तुमीच तं सांगलं होतं ना, लाल उपटा." मी म्हटलं, हो, मीच सांगितलं होतं. फुलावर आलेला धान पुन्हा मूळ धरत नाही, हे त्या पोरीलाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सगळी झाडं गवताच्या रंगाची झाली.

पाहुण्यांनी शेरा चांगला लिहिला. भेसळीचं एकही झाड नाही.

गेल्या वर्षीचं बी सगळं पेरलेलं होतं, फक्त जुन्या डब्याच्या तळाशी तीन वर्षांपूर्वीचं थोडं होतं. मी ते ओल्या कापडात ठेवलं आणि आठवडाभर रोज सकाळी उघडून पाहिलं. मोड आले नाहीत, बुरशी आली. तरी मी अजून पुरती घाबरले नव्हते. शेवंताबाईच्या घरी आहे ना, त्या कोपऱ्यात. चार मुठी मागून घेऊ, काय बिघडलं?

ती कामावर परत आली तेव्हा चेहरा उतरलेला. वनिताला रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या होत्या. मी जरा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "घरचा लाल धान कसा आलाय यंदा?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "आमी कुठी पेरून राह्यलो बाई? तुमाले सांगलो होतो ना." मग म्हणाली, "वनिताचा वाटा ठेवला होता थो आताच काढलो. कांडून पेज केलो तिले. लेकरू नाई राह्यलं तं काय झालं, बाळंतीनच ना ते. आता तुमच्याजवळ हाय, थोच."

सांगून टाकायला हवं होतं. तिनं डोक्याला फडकं बांधलं आणि ती बांधीत उतरली. मी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीत काहीही नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी वेड्यासारखी फिरले. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत धान्याच्या टोपल्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत गेले. नदीचा घाट, देवळाचे कोरीव खांब, सगळीकडे माणूसच माणूस, आणि मी टोपलीत हात घालून दाणे चोळतेय. "होता ना बाई, आमच्या बुढीच्या वक्ती," प्रत्येकीनं हेच सांगितलं. सिरोंच्याला गोदावरीकाठी एकीला माझं मराठी कळेना. शेजारणीनं तेलुगूत विचारून दिलं, "एर्र बिय्यम?" लाल तांदूळ? तिनं हात हलवला. "लेदु." नाही. त्या एका शब्दाला दुभाषा लागला नाही. साहेबांना सगळं सांगितलं होतं. ते निवृत्तीला टेकले होते. म्हणाले, "एका ओळीनं काय होतं?" मग नोंदवहीतलं त्या ओळीचं पान उघडून बसले. प्रकल्प पुढच्या मार्चला बंद झाला.

त्याच सुमारास पेपरात बातम्या येत होत्या. धानाचा सगळा जनुकसंच शास्त्रज्ञांनी वाचून काढला, अक्षर न् अक्षर. आता हवा तसा तांदूळ घडवता येईल, पौष्टिक, लोहाचा, जस्ताचा. मी कात्रण काढून वहीत चिकटवलं. अजून आहे. मला त्या विज्ञानाबद्दल आकस नाही, मी त्याचंच मीठ खाल्लंय. पण पोथी सगळी वाचता येऊ लागली आणि आपल्याच हातून तिचं एक पान चुलीत गेलं, असं काहीतरी वाटत राहिलं. आणि ते पान माझं नव्हतंच. मला वाचायला दिलेलं होतं.

मृगात, पऱ्हे म्हणजे रोपांसाठी बी टाकायच्या दिवसांत, शेवंताबाई माझ्या खोलीवर आली. हातात धुतलेली, घडी केलेली कापडी पिशवी.

"वनिताले पुन्हा दिवस हायेत," ती म्हणाली. दारातच बसली, आत आली नाही. "मार्गशीर्षात मोकळी होईन. आता कोपऱ्यात टाकलो तं तवरीक धान हाती येईन. दोन मुठी द्या बाई लाल. जास्ती नाई मांगत."

मी आत गेले. फार्मावर त्या वर्षी नवा पांढरा धान वाटायला आला होता, चांगला पिकणारा, त्याची नमुन्याची थैली कोपऱ्यात पडली होती. तिच्यासमोर उभं राहून खरं बोलायचं, एवढंच करायचं होतं. मी त्या थैलीतला धान तिच्या पिशवीत ओतला. रिकामी पिशवी परत देऊ नये म्हणतात ना.

तिनं तळहातावर घेऊन पाहिला. नखानं एक दाणा सोलला. "हा तं पांढरा हाय."

"हो," मी म्हटलं. "आपण इतकी वर्षं काय करत होतो? रंग काढला. गुण तोच आहे."

तिचा चेहरा असा उजळला की मला आजही डोळे मिटले तरी तो दिसतो. "म्हंजे झालं तर! जमलं तुमाले!" ती म्हणाली. "वनिताले सांगतो, या धानाची नवरी आमीच सजवली होती." पिशवीला गाठ मारली, कपाळाला लावली, आणि गेली.

वनिताला मार्गशीर्षात मुलगी झाली. मुलगी जगली. वनिताला फार रक्त गेलं. नवव्या दिवशी ती गेली. नऊ दिवस आई तिला त्या धानाची पेज चमच्यानं भरवत होती. लाल धान असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. विज्ञान तसं म्हणत नाही. रक्ताची बाटली वेळेवर मिळाली असती तर कदाचित. हे सगळं मला ठाऊक आहे आणि त्याचा मला काडीचा उपयोग होत नाही. मी भेटायला गेले नाही. बदलीचा अर्ज दिला आणि विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, ज्वारीच्या मुलखात परत गेले.

परवा बैठक लवकर आटोपली. परतताना मी ड्रायव्हरला फाट्यावर गाडी वळवायला सांगितली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कबूल करायचं होतं बहुतेक. वाटेत शब्दही जुळवले होते.

शेवंताबाई अंगणात जाळं सांधत बसली होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, बोटं तशीच चपळ. मला पाहून क्षणभर थांबली. "ज्वारीवाल्या बाई!" म्हणाली आणि उठून माझे दोन्ही हात धरले. आत भिंतीवर वनिताचा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. शाळेच्या निळ्या स्कर्टमधली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दाराआडून बघत होती.

"ये इकडे, बाईले पाय लाग," शेवंताबाई म्हणाली. मुलगी वाकली. उठताना तिनं चौकटीला धरलं, जरा थांबली, मग सरळ झाली. मी तिच्या पापणीला हात लावला नाही. लावायची गरज नव्हती.

"शेवंताबाई, मला तुम्हाला एक..."

"बसा तं खरं," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. कणगीचं झाकण सरकल्याचा आवाज आला. पदरात धान घेऊन बाहेर आली. पांढरा, लांबट, कुठल्याही दुकानात मिळतो तो. "दर सालले कोपऱ्यात पेरतो. मोडू नाई देलो. गावात कोनाची पोरगी बाळंत झाली का आमच्याच घरून नेते आता. वनिताचं नशीब नव्हतं, त्याले धान काय करन? हा इच्यासाठी ठेवून राह्यलो." तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगी लाजून आजीला बिलगली.

"तुमच्याजवळचा संपला असन," शेवंताबाई म्हणाली. "बदल्या होते तुमच्या, कुठी सांभाळता. कुठी हाय पिशवी तुमची?" तिनं जमिनीवर धान ओतला, दोन्ही हातांनी बरोबर मधोमध दोन ढीग केले, आणि त्यातला एक माझ्याकडे सरकवला.

"अर्धा तुमाले, अर्धा इले."

मी पर्समधून पिशवी काढली आणि तिचं तोंड उघडून धरलं.